चवीपुरता घोट

एकदा एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन एका वृद्ध वैद्यांकडे आली आणि तिने मुलीला ओसरीवर बसवले. बसवले, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचे. कारण आईने पदर सावरेपर्यंत मंजुळा खलबत्त्यापाशी पोहोचलीही होती.

"मास्तर हिला शाळेतून काढणार म्हणतात," आई म्हणाली. "ध्यान देत नाही, जागेवर टिकत नाही. वैद्यबुवांनी काही दोष दाखवला तर ठेवू, नाहीतर ही उनाडच, म्हणाले." मुलीने शिकावे, आपल्यासारखे दारूच्या भट्टीवर राबू नये, एवढीच तिची इच्छा होती.

वैद्यांचा शिष्य हुशार होता आणि ते त्याला ठाऊकही होते. त्याने मुलीची झोप विचारली, भूक विचारली, कानामागे चुटकी वाजवून पाहिली. मग आईकडे वळून म्हणाला, "ही पोटात असताना दारू पीत होतीस का?"

"नाही हो. मी कधीच पीत नाही," आई दुखावून म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती.

शेवटी शिष्याने मुलीला फर्मावले, "आत जा, तांब्या आण, येताना दार लोटून घे आणि मांजराला बाहेर काढ." मंजुळा आनंदाने पळाली आणि मांजराला कडेवर घेऊन परतली. तांब्या नाही, दार सताड उघडे. "पाहिलंत गुरुजी?" शिष्य म्हणाला. "प्रकृती उत्तम. नुसती खोड आहे."

वैद्यांनी ताकाचा पेला आईपुढे ठेवला. "बघ गं, बरं झालंय का?" तिने चाखले. त्यांनी चिमूटभर मीठ घालून पुन्हा विचारले, मग थोडे पाणी घालून पुन्हा. गुरुजींचे आता वय झाले, असे शिष्याला वाटले. आई मात्र रंगात आली होती. घोट जिभेवर फिरवायचा, डोळे मिटून गिळायचा आणि मगच मत द्यायचे, असे तिचे चालले होते.

"अशी चव घ्यायला कुठे शिकलीस?"

"भट्टीवर," ती हसून म्हणाली. "दारू कडक उतरली की फिकी, ते माझ्या जिभेवर ठरायचं. मालकाचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता."

"मंजुळा पोटात होती तेव्हाही?"

"अगदी कळा सुरू होईपर्यंत. पण ते काय पिणं नव्हे, बाबा. ते तर काम." एवढे बोलून ती थबकली. तिने मंजुळेकडे पाहिले आणि विचारले, "माझ्यामुळे झालं का हे?"

"दारूमुळे झालं असावं," वैद्य म्हणाले. "तुझा प्रत्येक घोट तिच्यापर्यंत जात होता. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. रडायचं तर रड, पण स्वतःला शिव्या देऊ नकोस."

मग त्यांनी हाक मारली, "मंजुळा, तांब्या आण." तिने आणला. "आता दार लोट." लोटले. "आता आईला पाणी दे." तिने आईला दिले आणि उरलेले मांजराला पाजले.

वैद्य शिष्याला म्हणाले, "ती उनाड नाही. तिच्या मनात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि तू चार ओतल्यास. प्रत्येक चंचल मुलाचं कारण हेच असतं असंही नाही, म्हणून तर जन्माआधीचे महिनेही विचारायचे असतात. तू ते विचारलंस खरं, पण न्यायाधीशासारखं. न्यायाधीशापुढे माणूस आपली सुटका बघतो. शेजाऱ्यासारखं विचारलं की तो आपला दिवस सांगतो, आणि आपल्याला हवं ते त्या दिवसातच असतं."

शिष्य दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत गेला आणि मास्तरांना सगळे समजावून आला. मंजुळेला पुढच्या ओळीत जागा मिळाली. तिला एका वेळी एकच गोष्ट सांगितली जाऊ लागली. ती अजूनही चुळबुळ करते, मधूनच मांजर वर्गात आणते, पण तिला काढण्याची भाषा आता कुणी करत नाही. तिकडे चवीचा घोटही पोटातल्या बाळापर्यंत जातो, हे आईने भट्टीवरच्या सगळ्या बायकांना सांगून टाकले. आता चव मालकालाच बघावी लागते, आणि दुपारनंतर त्याचेच कशात ध्यान नसते.

काही दिवसांनी दुसरी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. शिष्याने तोंड उघडले, मिटले, आत गेला आणि ताकाचा पेला घेऊन आला.

"बसा ताई," तो म्हणाला. "तुमचा दिवस कसा जातो, ते आधी सांगा."