पिशवीच्या तळाचं पांढरं फूल

सातासमुद्रांपलीकडच्या एका गवताळ मुलुखात, ब्लॅकफूट नावाच्या आदिवासींच्या तळावर, पहाटपाखरू नावाची एक बाई राहत होती. शिकारीत रानगव्यानं तिच्या धन्याला तुडवलं, तेव्हा तिनं सूर्यनारायणाला नवस बोलला होता: "ह्यांना पायांवर उभं कर. साऱ्या तळाला माझ्या हातचे गोड कंद जेवू घालीन."

धनी काठी टेकत का होईना, उभा राहिला.

तिथला कॅमसचा कंद दिसायला कांद्यासारखा, कच्चा अगदी बेचव. पण पानांत गुंडाळून, तापल्या दगडांवर, दोन दिवस मातीखाली भाजला की गुळासारखा काळा आणि गोड होतो. मातीच्या पोटात ही गोडी कोण घालतं, ते देवच जाणे! त्याचं फूल निळं. शेजारीच पांढऱ्या फुलाचा विषारी कंद उगवतो. फुलं गळली की दोघे जुळे भाऊ. म्हणून बायका फुलं असतानाच पांढरे उपटून टाकत.

पहाटपाखरूनं माळावरचे कंद खणून आणले आणि खड्ड्यात पुरून भाजायला घातले. तिसऱ्या दिवशी खड्ड्यातून सुगंध सुटला. मुलं गोळा झाली.

"वहिनी, उघडा की! वासानंच पोट भरायचं का?" नणंद हसली.

पहाटपाखरूनं कंदांची रिकामी पिशवी झटकली. तळातून एक वाळकं फूल पडलं. पांढरं! माळाचा शेवटचा कोपरा तिनं घाईत, न पारखताच खणला होता. फूल कुणीच पाहिलं नव्हतं.

नवस चुकला तर धनी जाईल. नवस फेडला तर कुणाचं तरी लेकरू जाईल.

"ह्यात विष असेल," ती म्हणाली. "चूक माझी. कुणी हात लावू नका."

"अहो, मग नवस? दादाचं काय?"

धनी पुढं आला. "लेकरांच्या जिवावर मला जगायचं नाही," म्हणाला, आणि खड्ड्यावर त्यानंच पहिली माती लोटली.

फुलांचा हंगाम सरला होता, नवे कंद पारखता येईनात. वर्ष धाकधुकीत गेलं. रोज उठल्यावर ती आधी धन्याचा श्वास ऐकायची, मग सूर्याला हात जोडायची.

पुढल्या उन्हाळ्यात माळ फुलला. इतका निळा, की आभाळच तळं होऊन खाली उतरलंय असं वाटावं! तिनं एकेक पांढरं फूल हातानं उपटलं. मगच कंद खणले, भाजले. पहिला घास मातीला दिला, दुसरा सूर्याला दाखवला, तिसरा नणंदेला, मग साऱ्या तळाला वाढलं.

"वर्षभर ताटकळवलंत वहिनी, पण गोडी दुप्पट हो!"

धनी मात्र उभ्यानंच जेवला. काठी न टेकता.

तात्पर्य: देव उशीर पोटात घालतो, लपवलेली चूक घालत नाही. बाळांनो, तुमच्याही हाती कधी असं पांढरं फूल आलं, तर तेवढी मूठ उघडा.