दोनदाती मेंढी

ठकुबाईनं सायबाचा अपमान केला म्हनं! अरं हाड! आधी कुनी कुनाचा केला, ते ऐक.

विद्यापीठाचा सायेब धनगरांच्या तळावर आलता. चालत्या वाटंवर बाळंत झालेल्या बाया कशा जगवायच्या, ते त्याला पुस्तकात लिवायचं हुतं. तळावरची सगळी बाळंतपणं ठकुबाईनंच केलेली. तिनं सगळं सांगितलं. मग सायबानं तिचं वय इचारलं.

सांजंचं धुकं माळावर उतरलं हुतं, आन् त्यात मेंढरं ढगावानी तरंगत हुती. म्हातारीची नजर लांब गेली.

"ज्या साली पांढऱ्या फुलांत पांढरी मेंढरं सापडंनात, त्या साली मी चालाया लागले."

सायबानं वहीत लिवलेलं तिचं नाव खोडलं. "आजी, ज्यांना स्वतःचं वय सांगता येत नाही, त्यांची माहिती खरी कशी धरायची?"

ठकुबाईनं एक मेंढी पुढं वढली. "हिचं वय सांग."

सायबानं कानापासनं शेपटीपतूर बघितलं. "असेल पाच वर्षांची."

म्हातारीनं मेंढीचं तोंड उघडून दावलं. "दुधाचे दोनच दात बदलल्यात. दीड वर्साची हाय. तुला हिचं वय सांगता आलं न्हाई, म्हून तुझं समदं पुस्तक खोडू का?"

ठकुबाईनं त्याच्या वहीवर बोट ठिवलं.

"लिव माझं नाव परत."