हाताला कुठं कान असतात?

एका संस्थानात राघू ओतारी नावाचा म्हातारा कारागीर होता. राजाच्या आईसाहेब वारल्या, तेव्हा देवघरात पुजायला त्यांचा चेहरा कोरलेला चांदीचा टाक घडवायचं काम राजाने राघूला दिलं. दिवाणजींनी मात्र त्याला बसवलं ते नगारखान्याच्या खाली.

"दिवाणजी, वर नगारा झडला की माझी छिन्नी घसरंल," राघू म्हणाला.

"अरे, नगारा कानाला ऐकू येतो. हाताला कुठं कान असतात?" दिवाणजी हसले. राघूने तिथंच हत्यारं मांडली.

शेवटी व्हायचं तेच झालं. टाकावर आईसाहेबांचं हसू नुकतं उमटत होतं, तेवढ्यात वर नगारा धडाडला. छिन्नी घसरली आणि टाकावरचा ओठ चिरला.

भर दरबारात दिवाणजी कडाडले, "म्हाताऱ्या, तुझा हात गेला. हत्यारं ठेव खाली आणि घरी बस."

राघूचे हात लटलटा कापू लागले.

"आता कापतोस कशाला?"

राघूने दोन्ही हात पुढे केले. "मी कुठं कापतोय, दिवाणजी? तुम्ही ओरडलात ते यांनी ऐकलं. यांना कान नसतात, हे आता तुम्हीच यांना समजावा."

राजाला हसू आवरेना. राघूला हत्यारं परत मिळाली, लांबची शांत जागाही मिळाली. त्याने टाक पुन्हा घडवला. चेहरा हुबेहूब आला, पण ते हसू काही परत आलं नाही. राजाने टाक मुकाट्याने कपाळाला लावला.

राघूला मात्र जन्मभर रुखरुख राहिली, की हे उत्तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.