आनसाच्या परसातली करवंदं

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी आनसा नावाची एक बाई राहायची. तिला दोन मुली. थोरली बकुळा, धाकटी तुंगा. थोरली एका पावसाळ्यात तापाने गेली.

बकुळाला करवंदं फार आवडायची. म्हणून आनसाने डोंगरातून करवंदीची रोपं आणली आणि परसात लावली. शेजारणी म्हणाल्या, अगं, काटेरी झाड ते, लांब कुंपणाला लाव, दाराशी कशाला? आनसाने ऐकलं नाही. रोज पाणी घालायची आणि हळूच म्हणायची, "ये गं बकुळा."

तिसऱ्या वर्षी जाळी दाट झाली. वैशाखात करवंदं काळी झाली. तुम्ही खेळता ना, करवंद फोडायच्या आधी ओळखायचं? आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. तर एका भर दुपारी जाळीतून आवाज आला, "आई, कोंबडा की कोंबडी?"

आवाज बकुळाचाच, बरं का. आनसा आनंदाने म्हणून गेली, कोंबडा. संध्याकाळी खुराड्यात कोंबडा नव्हता. जाळीखाली दोन तांबडी पिसं होती.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच प्रश्न. आनसाला सगळं कळलं होतं. तरी तो आवाज थांबू नये म्हणून ती म्हणाली, कोंबडी. मग कोंबडीही गेली.

तिसऱ्या दुपारी आनसा दार लावून बसली. पण तुंगा आधीच करवंदं काढायला गेली होती, आणि तिचा परकर काट्यांत अडकला. आनसा धावली. ओढावं, तर जाळी पोरीला आणखी आत घेई. मग आतून त्याच आवाजाने अगदी लाडात विचारलं, "आई, बकुळा की तुंगा?"

जिचं नाव घ्यायचं, ती जाणार. वारा पडला. एक पाखरू बोलेना. आनसाने तुंगाचा हात घट्ट धरला. मग तीन वर्षं जिला ये म्हटलं, तिचंच नाव घेतलं.

"बकुळा."

काटे सुटले. तुंगा बाहेर आली.

आता सांगा, आपण निघताना काय म्हणतो? येते म्हणतो. जाते म्हटलं की आई रागावते. पण जाळीतून आवाज आला, "जाते गं आई."

आनसा रागावली नाही. म्हणाली, "जा बाळा. सावकाश जा."

मग आनसा आणि तुंगा त्या घरात सुखाने राहिल्या. जाळीला दर वैशाखात करवंदं लागली. दोघी ती खायच्या, कच्च्यांचं लोणचं घालायच्या. जाळी पुन्हा कधी काही बोलली नाही.

चला, पांघरूण घ्या. बाहेर पानं वाजतात, तिकडे कान देऊ नका. मी इथेच आहे.