माशीचं आजोळ

राजाराणीला आज मी सुट्टी दिलीय. म्हणून एक होत्या तीन बहिणी. माणसं नव्हेत हां, शेवळं! डोंगराच्या उतारावर जमिनीतून भाल्यासारखी वर येतात ना, ती. कोवळी असली की आपण त्यांची भाजी करतो. फुलली की मात्र मेलेल्या उंदरासारखा वास सुटतो. यमे, नाक कसलं धरतेस? आधी स्वतःचे पाय धुऊन ये.

तर त्या साली रानडुकरांनी उतारावरचे सगळे कंद उकरून खाल्ले. उरल्या फक्त या तिघी. यंदा बी धरलं नाही, तर शेवळांचा वंशच बुडणार होता. आणि बी धरायचं, तर एकीच्या फुलातलं पिवळं पीठ दुसरीच्या फुलात पोचायला हवं. त्या पिठाला शाळेत काहीतरी नाव शिकवलं होतं. मी तेव्हा मास्तरांच्या टोपीत मुंगळे सोडत होते.

पीठ नेणार कोण? माशी. पण माशीला द्यायला यांच्याकडे मधाचा थेंब नाही, बरं का. मग पणजीच्या पणजीपासून एकच धंदा, फसवायचं! जिच्या वासाला माशी फसली, तिलाच पोरी झाल्या. पोरींचा वास आईहून जरा जास्तच घाण. असं करत करत स्वारी उंदरापर्यंत पोचली.

मग एक हिरवी माशी आली. पोटुशी होती बिचारी, बाळंतपणाला माहेर शोधत होती. माहेर कुठलं? मेलेला उंदीर! हसू नका रे, तिथेच जन्मली ती.

थोरली फुलली. वास आला तशी माशी ओरडली, "आले गं आई!" आणि घसरली आत. आत ऊब होती, अंधार होता, पण आई नव्हती. एक अख्खा दिवस अडकून पडली. मग अंगावर पीठ सांडलं आणि वाट मोकळी झाली. बाहेर येऊन म्हणाली, "पुन्हा या वासाला भुलेन तर माशीची जात सांगणार नाही!"

मग मधली फुलली. वास अगदी थोरलीसारखा, तसूभर फरक नाही. माशीने लांबूनच हुंगलं. "बाई, तुझी बहीण भेटली मला कालच," म्हणाली आणि वळली.

राहिली धाकटी. तिचं लहानपणापासून बिघडलेलं. उंदराचा वास काही जमायचाच नाही, मध्येच कुजक्या खेकड्याचा यायचा. थोरली म्हणायची, "कुळाची लाज घालवलीस. साधा उंदीर सडवता येत नाही तुला?" धाकटी भीतभीतच फुलली.

माशी थबकली. हुंगलं. परत हुंगलं. डोळे भरून आले तिचे.

"अगं बाई, हे माहेर नव्हे. हे तर माझं आजोळ! माझी आई खेकड्यातच जन्मली!"

आणि घुसली आत! थोरलीचं पीठ धाकटीला पोचलं, बी धरलं. लालभडक फळं आली, पाखरांनी ती डोंगरभर पेरली. तेव्हापासून दोन शेवळांचा वास काही सारखा येत नाही. माशीला बाहेर पडल्यावर ओढ्याकाठी खराखुरा मेलेला खेकडा सापडला. शंभर पोरं झाली, सगळी तिच्यासारखीच भोळी.

माशीला हसता काय? परवा शेजारी कुणीतरी सुकट भाजली. माझी आई भाजायची तश्शी, जरा करपवून. मी हातातलं टाकून दारापर्यंत गेले की रे! दार उघडलं, तर तुमचा बाप उभा. हे एवढं तोंड करून विचारतो, "कुणाला शोधतेस, आई?"

फसले. पण उद्या कुणी भाजली, तर परत जाईन.

शेवळं सुखात आहेत, माशी सुखात आहे, तुम्हीही डोळे मिटा. आणि यमे, तुझ्या उशीखाली मी काहीही ठेवलेलं नाही. खरंच नाही. हुंगू नकोस, झोप.