म्हाळूबांचं नाक आणि निळा गोफ

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा तुमचे आजोबा नव्हते, त्यांचे आजोबाही नव्हते, पण तहान मात्र आजच्यासारखीच लागायची. म्हणून पाण्याची गोष्ट सांगतो. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यात चुकले ते सगळे मोठेच आहेत.

डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. वरच्या तळ्यातलं पाणी खापरी नळांतून खाली यायचं, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळलं जायचं आणि एका मोठ्या हौदात पडायचं. हौदाची झडप उघडली की नगरातल्या घागरी भरायच्या. राजा तेच पाणी प्यायचा आणि राजाचा हत्तीही तेच.

झडपेची किल्ली म्हाळूबांच्या कमरेला असे. तरुणपणी त्यांनीच एक रीत घालून दिली होती. ज्याला किल्ली हवी, त्याने आधी काम शिकायचं. मग भर चौकात वेगवेगळ्या पाण्याचे तांबे मांडायचे आणि त्याने नुसत्या वासावरून, चवीवरून सांगायचं की कुठलं पाणी ताजं, कुठलं शिळं, कुठलं बिघडलेलं. बरोबर सांगितलं की राजा त्याच्या मनगटाला निळा गोफ बांधायचा. वर्ष सरलं की गोफ कापायचा आणि परीक्षा पुन्हा. गोफ नाही तर किल्ली नाही.

रीत झकास होती. पण म्हाळूबांचं काम इतकं चोख, की लोकांनाच संकोच वाटू लागला. एवढ्या मोठ्या माणसाची परीक्षा कसली घ्यायची? राजा दरवर्षी हसत हसत जुना गोफ कापायचा आणि तांबे न मांडताच नवा बांधायचा. एके वर्षी तर त्याने खूश होऊन म्हाळूबांना तपकिरीची चांदीची डबी बक्षीस दिली. आता पाणी हुंगणाऱ्याला कुणी तपकीर देतं का? पण दिली खरी, आणि टाळ्याही वाजल्या.

म्हाळूबांना डबीचं फार कौतुक. सकाळी चिमूट, दुपारी चिमूट, शिंक आली की पुन्हा चिमूट. त्यांच्या बायकोचं, भागाबाईंचं पिठलं एकदा चांगलंच करपलं. म्हाळूबांनी ते चाटूनपुसून खाल्लं आणि वर म्हणाले, "आज पिठलं छान जमलंय हो."

भागाबाईंनी कपाळाला हात लावला. पण नवऱ्याने केलेलं कौतुक कोण मोडून काढतं? त्यांनी पानात आणखी पिठलं वाढलं.

म्हाळूबांच्या हाताखाली सगुणा नावाची कुंभाराची लेक काम शिकत होती. वाळू कधी धुवायची, कोळसा कधी बदलायचा, गढूळ पाण्यासाठी निवळीचं बी माठाला कसं घासायचं, सगळं तिने म्हाळूबांकडून घेतलं होतं. तिच्या परीक्षेचा दिवस आला. चौकात तांबे मांडले गेले. सगळं नगर जमलेलं पाहून पोरगी म्हाळूबांच्या मागे लपली.

"अगं, घाबरतेस काय?" म्हाळूबा म्हणाले. "आधी मी देतो परीक्षा. तू नुसती बघ."

त्यांनी ऐटीत चिमूट ओढली, दणदणीत शिंक दिली आणि पहिला तांब्या नाकाशी नेला. "डोंगरातलं. आजचं. एकदम ताजं."

त्या तांब्यात कुजक्या पाल्याचं पाणी होतं. पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले होते आणि राजाचा हत्ती तर मागे मागे सरकत थेट हलवायाच्या दुकानाला टेकला होता.

राजाने तोच तांब्या सगुणाकडे दिला. तिने हुंगला आणि म्हाळूबांकडे पाहिलं. ताजं म्हणावं तर गुरूची अब्रू राहते. खरं सांगावं तर गुरूची किल्ली जाते.

"आजोबा," ती रडवेली होऊन म्हणाली, "हे पाणी बिघडलंय. तुम्हीच शिकवलंत मला हा वास ओळखायला."

राजा घाईघाईने म्हणाला, "राहू दे, राहू दे. म्हाळूबांचं एखादं चुकलं तर चालतं."

म्हाळूबा क्षणभर गोरेमोरे झाले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "खरं सांग, त्या दिवशीचं पिठलं कसं झालं होतं?"

"कोळसा झाला होता त्याचा," भागाबाई म्हणाल्या.

आणि म्हाळूबांना हसू फुटलं. ते पोट धरून हसले. मग डोळे पुसत त्यांनी स्वतःच्या हाताने मनगटावरचा गोफ कापला. "महाराज, पिठल्यात चुकलो तर मी एकटा करपलेलं खातो. पाण्यात चुकलो तर सगळं नगर आजारी पडेल. तिथे चालतं म्हणून कसं चालेल?"

सगुणाने उरलेले तांबे बिनचूक ओळखले. राजाने तिला गोफ बांधला आणि किल्ली म्हाळूबांनीच तिच्या कमरेला खोचली. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं तर. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण सकाळी हौदावर सगळ्यांत आधी तेच हजर होते, शिकाऊ म्हणून.

थोड्याच दिवसांत नगराची जत्रा आली. पाहुण्यांनी घरं भरली, घागरींची रांग वेशीपर्यंत गेली. सगुणा झडपेला हात घालणार तोच थबकली. "आजोबा, वास येतोय."

म्हाळूबांनी वाकून हुंगलं. त्यांना काहीच वास आला नाही. पण ते झडपेसमोर हात पसरून उभे राहिले आणि ओरडणाऱ्या लोकांना म्हणाले, "गोफ तिच्या हाताला आहे. ती नाही म्हणाली म्हणजे नाही."

माणसं नळाच्या कडेने डोंगर चढून गेली. वरचा एक नळ फुटला होता आणि त्या भगदाडाशी एक मेलेलं रानडुक्कर अडकलं होतं. किल्ली आपल्याकडे असती तर आपण झडप उघडली असती, हे म्हाळूबांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी सगुणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

त्या दिवशी लोकांनी विहिरीचं पाणी उकळून जत्रा केली. नळ बदलला, हौद घासला, आणि आजारी कुणी पडलं नाही. फक्त हत्तीला जिलेबी जास्त झाली.

म्हाळूबांनी तपकीर सोडली. राजाने ओशाळून डबी परत मागवली आणि तीत निवळीचं बी भरून पाठवलं. पुढल्या वर्षी म्हाळूबा रांगेत उभे राहिले, सगळे तांबे ओळखले आणि सगुणाच्या शेजारी त्यांच्याही मनगटाला गोफ आला. चौकात ढोल वाजले. एकट्या भागाबाई तेवढ्या कुरकुरत होत्या, कारण आता पिठलं जरा लागलं तरी नवऱ्याला ओसरीवरूनच कळत होतं.

तेव्हापासून त्या नगरात दरवर्षी सगळ्यांचे गोफ कापले जातात, आणि पहिला तांब्या सगळ्यांत थोर माणसाला देतात.

तर मंडळी, लक्षात ठेवायचं ते एवढंच: ज्याच्या हातात सगळ्यांचं पाणी, त्याने मान कितीही मिळाला तरी परीक्षा पुन्हा पुन्हा द्यावी.