निळीच्या स्प्रिंगा

गाड्या आपापसांत बोलायच्या, त्या दिवसांतली गोष्ट. एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दोन वेगवान गाड्या राहायच्या. तांबडी फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर धावायची, निळी गावच्या रस्त्यावर. तांबडीच्या स्प्रिंगा इतक्या कडक, की वळणावरही ती तसूभर कलत नसे. "आणि तू बघ, प्रत्येक खड्ड्याला वाकून नमस्कार करतेस!" असं म्हणून ती हसायची.

निळीला ते फार लागलं. तिने आपल्या स्प्रिंगांना बजावलं, "उद्यापासून कुणीही दबायचं नाही."

त्याच संध्याकाळी निळी घरच्या सुनेला, शर्वरीला, आणायला तिच्या माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी शर्वरी तान्ह्या बाळाला घेऊन निळीतून माहेराहून सासरी निघाली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता पार उखडला होता. पहिल्याच खड्ड्यात निळीचं चाक रस्ता सोडून उडालं, गाडी बाजूला सरकली आणि बाळ दचकून रडायला लागलं.

"बाई गं," मागची थोरली स्प्रिंग कळवळून म्हणाली, "तांबडीची वाट आरशासारखी गुळगुळीत, तिला ताठच राहायला हवं. आपण खड्डा अंगावर घेतो, म्हणून चाक जमीन धरून राहतं. दबू दे आम्हाला."

निळीने अंग सैल सोडलं. खड्डे येत राहिले, स्प्रिंगा दबत राहिल्या आणि हुंदके देतादेता बाळाचे डोळे मिटले.

दारात सासूबाईंनी बाळावरून भाकरतुकडा ओवाळला. मग काय वाटलं कोण जाणे, निळीवरूनही ओवाळला.

शेडमधून तांबडीने ओरडून विचारलं, "काय गं, आज कितवी आलीस?"

"हळू बोल," निळी म्हणाली, "बाळ झोपलंय."